'जनता' हातात आल्यावर: जुन्या एचएमटीच्या ओढीमागचा इतिहास

जुनं एचएमटी 'जनता' हे मनगटी घड्याळ मिळवण्यासाठी लोक महिनोन्महिने शोध घेतात. मिळाल्यावर मात्र पहिल्या आठवड्यातच काहींचा चेहरा उतरतो. तबकडी लहान वाटते, रोज चावी द्यावी लागते, वेळही मोबाइलशी तंतोतंत जुळत नाही. हे घड्याळ मुळात कशासाठी बनलं होतं ते कळलं, की ही निराशा समजते.

यंत्रं बनवणारी सरकारी कंपनी म्हणून हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, 1953 मध्ये सुरू झाली. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला तिचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. आयातीवर कडक निर्बंध होते आणि स्विस घड्याळ घेणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं. अशा वेळी 'जनता' आली: 17 ज्वेल्स (म्हणजे चाकांची झीज कमी करणारे बारीक खडे), हाताने चावी, साधी तबकडी, ॲक्रिलिकची काच. बिघडलं तर तालुक्याच्या गावचा घड्याळजीही दुरुस्त करील असं यंत्र. काही तबकड्यांवर नाव आणि अंक देवनागरीत होते. घड्याळात आपले आकडे दिसावेत ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते.

त्या काळीही या घड्याळाची वाट पाहिली जायची. पहिला पगार, मॅट्रिकचा निकाल, लग्नात जावयाला द्यायची भेट. हातात आल्यावर अपेक्षा एकच असायची, एसटी चुकू नये, ड्युटीला उशीर होऊ नये. 'जनता'ने ती वर्षानुवर्षं पुरी केली. त्या पिढीचा अपेक्षाभंग झाल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही.

पुढे टायटनने 1987 पासून देखणी क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारी, घड्याळं बाजारात आणली. एचएमटीनेही क्वार्ट्झ बनवलं, पण ग्राहक हातचा गेला आणि तोटा वाढत राहिला. कारखाना बंद होणार ही बातमी 2014 मध्ये पसरली आणि उरलेल्या मालासाठी दुकानांत गर्दी झाली. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एचएमटी वॉचेस' ही घड्याळांची कंपनी बंद करायला मंजुरी दिली. रोजच्या वापराची वस्तू अशी संग्राह्य ठरली आणि तिच्याकडून ठेव्याची अपेक्षा होऊ लागली.

मागणी वाढल्यावर 'रिडायल' वाढले, म्हणजे जुनी तबकडी पुसून नव्याने रंगवलेली घड्याळं. काटे एका मॉडेलचे, केस म्हणजे बाहेरची डबी दुसऱ्याची. मीही असं एक घेतलं होतं. फोटोत ते झळझळीत दिसलं, हातात आल्यावर अक्षरं जाड आणि मिनिटांच्या रेघा तुटक. तेव्हापासून डागाळलेली, पिवळट पडलेली मूळ तबकडी मला कोऱ्या करकरीत तबकडीपेक्षा अधिक खरी वाटते.

म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच: घड्याळ आलं की आधी जाणत्या घड्याळजीकडे न्या, उघडून साफ करून, तेल घालून घ्या आणि महिनाभर रोज एका ठरावीक वेळी चावी द्या. माझं दुसरं 'जनता' मी असंच वापरात आणलं. सकाळी चहा उकळेपर्यंत त्याची चावी देऊन होते.