ई-सज्जता : मोजमाप आणि आखणी

एखादा देश, राज्य किंवा गाव कॉम्प्युटर, फोन, इंटरनेट हे सगळं वापरायला किती तयार आहे आणि खरंच किती वापरतंय ते मोजायचं आणि त्या मोजणीवरून पुढच्या कामाची आखणी करायची, याला ई-सज्जता म्हणतात. इंग्रजीतल्या ई-रेडिनेससाठी केलेला हा मराठी शब्द, बोलताना मात्र बहुतेक जण डिजिटल रेडिनेसच म्हणतात. वरवर बघितलं तर प्रश्न एका ओळीचा वाटतो, नेट आहे की नाही, पण त्याच्या पोटात बरेच प्रश्न आहेत: वायर किंवा टॉवर गावापर्यंत पोचलाय का, पोचला असेल तर महिन्याचा खर्च परवडतो का, परवडला तर वापरता येतं का, येत असेल तर आपल्या भाषेत आणि आपल्या कामाचं तिथे काही आहे का, आणि फसवणूक झाली तर दाद मागायला कायदा आहे का. यातला एक जरी प्रश्न विचारायचा राहिला तरी मोजणी लंगडी पडते. या नोंदीत उदाहरणं गोव्याची घेतलीत, कारण भारतातल्या बहुतेक याद्यांमध्ये गोवा वरच्या नंबरात असतो आणि तरीही इथली मुलं रेंज शोधत डोंगर चढलीत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात ते समजलं की हा विषय बराचसा समजतो.

सुरुवात कशी झाली

1990 च्या दशकाच्या शेवटी इंटरनेट झपाट्याने पसरायला लागलं तेव्हा कोणता देश पुढे, कोणता मागे हे सांगायला कुणाकडे धड माप नव्हतं. अमेरिकेतल्या कॉम्प्युटर कंपन्यांच्या कॉम्प्युटर सिस्टिम्स पॉलिसी प्रोजेक्ट या गटाने 1998 मध्ये एक मार्गदर्शिका काढली, तिच्यात प्रश्नावली होती आणि ती भरून एखाद्या समाजाने आपण कुठल्या टप्प्यावर आहोत ते स्वतःच ठरवायचं होतं. 2000 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या सेंटर फॉर इंटरनॅशनल डेव्हलपमेंटने खास विकसनशील देशांसाठी तशीच मार्गदर्शिका केली. त्याच वर्षी जपानमध्ये ओकिनावाला जी-8 देशांची परिषद झाली आणि 'डिजिटल दरी', म्हणजे ही साधनं असलेल्या आणि नसलेल्या लोकांमधलं अंतर, हा विषय थेट मोठ्या नेत्यांच्या टेबलावर आला. मग क्रमवारीचा जमाना सुरू झाला. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट 2000 पासून दरवर्षी देशांची ई-सज्जता यादी काढायचं, वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा नेटवर्क्ड रेडिनेस इंडेक्स 2001-02 चा, आणि संयुक्त राष्ट्रांचा ई-गव्हर्नमेंट निर्देशांकही त्याच काळातला, तो आता दर दोन वर्षांनी येतो.

पण प्रत्येकाची व्याख्या वेगळी असल्यामुळे एकाच देशाचे तीन याद्यांत तीन नंबर लागायचे. म्हणून 2003 मध्ये जिनिव्हाला आणि 2005 मध्ये ट्युनिसला माहिती समाजाच्या जागतिक परिषदा झाल्या, त्यांच्या मधल्या वर्षात, 2004 मध्ये, आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून काय मोजायचं आणि प्रश्न नेमका कुठल्या शब्दांत विचारायचा याची एक सामायिक यादी करायला घेतली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, क्रमवाऱ्या येतात आणि जातात पण नीट विचारलेला प्रश्न टिकतो.

आकडा तयार कसा होतो

निर्देशांक बनवायची पद्धत तशी साधी आहे. फोन, कनेक्शन, शिक्षण अशा वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या एककात असतात, त्या आधी 0 ते 1 च्या पट्टीवर आणतात, म्हणजे देशाच्या आकड्यातून किमान वजा करायचं आणि कमाल-किमानमधल्या फरकाने भागायचं. मग प्रत्येकाला वजन देऊन बेरीज करायची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2009 मध्ये आणलेल्या आयसीटी (माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान) डेव्हलपमेंट इंडेक्समध्ये सोयीची उपलब्धता 40 टक्के, वापर 40 टक्के आणि कौशल्यं 20 टक्के असं वजन होतं. 2017 च्या यादीत भारत 176 देशांत 134 वा होता, त्यानंतर ती मोजणी काही वर्षं थांबली आणि 2023 मध्ये नव्या पद्धतीने परत सुरू झाली.

संयुक्त राष्ट्रांचा निर्देशांक म्हणजे तीन भागांची सरळ सरासरी: ऑनलाइन सेवा, दूरसंचार पायाभूत सोयी आणि मानवी भांडवल, म्हणजे लोकांचं शिक्षण. 2018 चा भारताचा निकाल बघा, ऑनलाइन सेवांना 0.95, मानवी भांडवलाला 0.55 आणि पायाभूत सोयींना जेमतेम 0.20, सरासरी आली 0.57 च्या आसपास आणि नंबर लागला 96 वा. म्हणजे सरकारचे पोर्टल जवळपास पैकीच्या पैकी आणि त्या पोर्टलपर्यंत पोचायचा रस्ता मात्र कच्चा. पुढे 2020 मध्ये नंबर 100, 2022 मध्ये 105 आणि 2024 मध्ये 97 असा राहिला, आणि हे त्याच वर्षांत जेव्हा यूपीआय मासळीबाजारातसुद्धा पोचलं होतं. ज्याला आखणी करायचीय त्याने सरासरी बाजूला ठेवून ते तीन आकडे वेगवेगळे बघायला हवेत, कारण पैसा कुठे घालायचा ते त्या 0.20 मधूनच कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कशाला भागिले काय. शंभर माणसांमागे किती फोन कनेक्शन याला टेलिडेन्सिटी म्हणतात. समजा घरात चार माणसं आहेत, त्यातल्या दोघांकडे दोन-दोन सिमचे फोन, तिसऱ्याकडे एक सिम आणि आजीकडे फोनच नाही, तर त्या घराची टेलिडेन्सिटी 125 येते. आजी त्या आकड्यात दिसतच नाही. म्हणूनच दूरसंचार संघाच्या पद्धतीत माणसाला विचारतात की गेल्या तीन महिन्यांत इंटरनेट वापरलंत का. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019-21 च्या पाचव्या फेरीत, प्रश्न होता कधीतरी वापरलंय का. त्यात गोव्यातल्या 73.7 टक्के बायकांनी आणि 82.9 टक्के पुरुषांनी हो म्हटलं, देशाचे आकडे 33.3 आणि 57.1 टक्के. गोवा खूपच पुढे आहे यात शंका नाही आणि त्याचा आनंदही आहे, पण 'कधीतरी' या शब्दात नातवाच्या फोनवर एकदा व्हिडिओ बघितलेली बाईही येते आणि रोज ऑनलाइन धंदा करणारीही येते.

गोवा कुठे दिसतो, कुठे हरवतो

दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्राय दर महिन्याला कनेक्शनचे आकडे काढतं, ते राज्यवार नसून सर्कलवार, म्हणजे दूरसंचार सेवेच्या विभागांनुसार असतात. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये मोडतो आणि मुंबईचं सर्कल वेगळं. त्यामुळे त्या तक्त्यात गोव्याची ओळच नाही, पेडण्यापासून काणकोणपर्यंतची सगळी सिम कार्डं गडचिरोली-नंदुरबारच्या बेरजेत जाऊन बसतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात गोवा वेगळा असतो, पण तिथे घरं थोडी निवडलेली असतात, त्यातून राज्याचा आकडा निघतो, तालुक्याचा भरवशाचा आकडा निघत नाही. 2017-18 च्या 75 व्या फेरीत देशात ग्रामीण भागातल्या 4.4 टक्के आणि शहरी भागातल्या 23.4 टक्के घरांत कॉम्प्युटर होता, इंटरनेटची सोय अनुक्रमे 14.9 आणि 42 टक्के घरांत. 2025 च्या सुरुवातीच्या दूरसंचार सर्वेक्षणात देशातल्या 86.3 टक्के घरांत इंटरनेट निघालं. सात वर्षांत एवढी उडी, आणि ती जवळपास सगळी मोबाइलवर मारलेली, म्हणजे घरात इंटरनेट आहे याचा अर्थ आता घरात स्मार्टफोन आहे आणि तिथे रेंज येते असा झालाय.

रेंज येते का हाच गोव्यातला खरा प्रश्न. तिसवाडी, बार्देश, सासष्टी हा किनाऱ्याचा सपाट पट्टा एकीकडे आणि सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण हे घाटाच्या पायथ्याचे तालुके दुसरीकडे, तिथे डोंगर, अभयारण्यं आणि एकमेकांपासून लांब असलेले वाडे, म्हणजे छोट्या वस्त्या. टॉवर डोंगराच्या अलीकडे असला की पलीकडच्या वाड्याला त्याचा काही उपयोग नसतो. बऱ्याच गावांत रेडिएशनच्या भीतीने ग्रामसभेने टॉवरला विरोधही केला, ती भीती लोकांच्या मनात खरी होती आणि वेळीच घरोघर जाऊन समजावणारं कुणी नव्हतं. 2020 मध्ये शाळा बंद होऊन वर्ग ऑनलाइन गेले तेव्हा सत्तरी-सांग्यातली मुलं उंचवट्यावर जाऊन बसायला लागली. माझ्या मावशीच्या गावी रस्त्याच्या एका वळणावर तेवढी रेंज यायची, जुलैच्या पावसात तिथे चार मुलं दोन छत्र्यांखाली, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवीवरूनच बोट फिरवतायत, हजेरी लागली की दोन मुलं माघारी आणि दोघं वही मांडीवर धरून थांबलेली. यातल्या प्रत्येक मुलाच्या घरी स्मार्टफोन होता. कुठल्याही सर्वेक्षणात चारही घरं 'सोय आहे' या रकान्यात गेली असती.

आखणीचा भाग

देशपातळीवर 2006 च्या मे महिन्यात राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजना मंजूर झाली, राज्यांचं सरकारी नेटवर्क, डेटा सेंटर आणि गावोगावची सेवा केंद्रं हे तिचे तीन खांब. 2011 मध्ये पंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना आली, ती पुढे भारतनेट झाली, आणि 1 जुलै 2015 ला डिजिटल इंडिया. त्याआधीच केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेकडून राज्यांच्या ई-सज्जतेचे अहवाल करून घेतले होते, त्यात राज्यांना पुढारलेली ते मागे पडलेली अशा गटांत बसवलं जायचं.

गोव्याने लवकर सुरुवात केली हे मान्य करायलाच पाहिजे. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना, सायबरएज योजनेतून अकरावी-बारावीच्या मुलांना नाममात्र किमतीत घरी कॉम्प्युटर मिळाला. आमच्याकडे आला तेव्हा आईने त्यासाठी हॉलमधलं टेबल रिकामं केलं, मॉनिटरवर क्रोशाचं कापड घातलं आणि शेजारची मुलं चपला बाहेर काढून बघायला यायची. पावसाळ्यात लाइट गेली की यूपीएस टीं-टीं करायचा, मग आई सगळी बटणं बंद करायला धावायची. इंटरनेट मात्र दोन वर्षं नव्हतं, कारण आमच्या वाड्यावर टेलिफोनची लाइन मागून आली. तरी त्या मशीनवर मी देवनागरी टायपिंग शिकलो, आमच्या बॅचमधले दोघं पुढे त्याच लाइनीत गेले, म्हणून नुसता 'कॉम्प्युटर आहे' हा आकडा फुकट असतो असं मी कधीच म्हणणार नाही. त्यानंतर गोवा ब्रॉडबँड नेटवर्क आलं, सरकारी ऑफिसं आणि पंचायती एका जाळ्यात जोडण्यासाठी, राज्यात पंचायती 191 आहेत. 2018 मध्ये आयटी धोरण आलं आणि 2020 मध्ये टेलिकॉम पायाभूत सोयींचं धोरण.

सेवांची बाजू बघितली तर जमिनीचा एक-चौदाचा उतारा आता घरबसल्या बघता येतो, ज्याने तो काढायला मामलेदार कचेरीत अख्खी सकाळ घालवलीय त्यालाच त्याची किंमत कळेल. पण सेवा ऑनलाइन असणं आणि माणसाला ती मिळणं यात अंतर राहतं. पेन्शनवाल्यांसाठी 2014 च्या नोव्हेंबरमध्ये जीवन प्रमाण आलं, अंगठा लावून हयातीचा दाखला. आमच्या काकीला फॅमिली पेन्शन मिळते, तिचं आयुष्य काजूच्या बिया भाजून सोलण्यात गेलं, त्या सालीच्या तेलाने बोटांची कातडी जाते आणि ठसे पुसट होतात. मशीनवर तिने दहाही बोटं एकेक करून ठेवली, प्रत्येक वेळी लाल दिवा, मागे रांग, आणि ती समोरच्या पोराला म्हणत होती, बाबा मी जिवंत आहे बघ. 2021 पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली आणि तिचा प्रश्न सुटला. अशी किती माणसं परत पाठवली गेली हा आकडा वरच्या कुठल्याच निर्देशांकात मागत नाहीत, तो मागायला पाहिजे. भाषेचंही तसंच, गोव्यात कोकणी राजभाषा आणि मराठीचा वापर कायद्याने मान्य, पण फॉर्म इंग्रजीत असला तरी 'सेवा उपलब्ध' अशी खूण होते.

आकाराने तुलना करायची तर एस्टोनिया बघावा. लोकसंख्या साधारण 13 लाख, 2011 च्या जनगणनेत गोव्याची 14 लाख 58 हजार, म्हणजे जवळपास सारखीच. तिथे 1996 मध्ये 'वाघझेप' नावाने सगळ्या शाळा कॉम्प्युटर आणि इंटरनेटने जोडायचं काम हातात घेतलं, 2001 मध्ये सगळ्या सरकारी खात्यांचा डेटा एकमेकांशी बोलेल अशी यंत्रणा उभी केली, 2005 मध्ये इंटरनेटवरून मतदान झालं आणि 2024 च्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत तो देश दुसरा आहे. त्यांच्याकडे स्वतःचे कायदे आणि स्वतःचा खजिना आहे, आपण एक राज्य आहोत, हा फरक आहेच. पण शाळा, मग खात्यांची जोडणी, मग नागरिकांच्या सेवा हा क्रम घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

गाव आणि वॉर्डापर्यंत उतरणारी एकच मोठी मोजणी आपल्याकडे आहे ती जनगणना. 2011 च्या जनगणनेच्या घरयादीत कॉम्प्युटर इंटरनेटसह की इंटरनेटशिवाय असं विचारलं होतं, देशात इंटरनेटसह कॉम्प्युटर 3.1 टक्के घरांत होता. आता 2027 च्या जनगणनेच्या घरयादीत 33 प्रश्न आहेत, त्यात इंटरनेटची सोय, लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर, आणि टेलिफोन, मोबाइल किंवा स्मार्टफोन हे वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि ही गणना मोबाइल अॅपवर होणार आहे. गोव्यातल्या प्रत्येक गावाचा इंटरनेटचा आकडा 2011 नंतर पहिल्यांदा त्यातून मिळेल. घरात बसून रेंज येते की वळणावर जावं लागतं हा प्रश्न त्या 33 मध्ये नाही, तो पंचायतींना आपापल्या वाड्यांवर फिरून वहीत लिहून घ्यावा लागेल.