डोक्याला रेडिएशन म्हणजे वेड लागणं नव्हे

फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये तो मेंदूत पसरू नये म्हणून काही वेळा आधीच डोक्याला रेडिएशन सुचवतात. लगेच घरात कुजबुज सुरू होते: ‘डोक्याला दिलं की माणूस भ्रमिष्ट होतो.’ ही भीती अगदीच निराधार नाही, पण जशी सांगितली जाते तशी खरीही नाही.

अमेरिकेतल्या ‘आरटीओजी ०२१४’ या चाचणीत तिसऱ्या टप्प्यातल्या नॉन-स्मॉल-सेल (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा जास्त आढळणारा प्रकार) रुग्णांपैकी एका गटाला हे रेडिएशन दिलं, दुसऱ्याला नाही. दोन्ही गटांना बारा शब्द ऐकवायचे आणि वीसेक मिनिटांनी आठवायला सांगायचे. वर्षभराने रेडिएशन घेतलेल्यांचे शब्द जास्त गळाले. पण रोजचे व्यवहार आणि जीवनमान यांत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. मेंदूतल्या गाठींचं वर्षभरातलं प्रमाण मात्र रेडिएशन न घेतलेल्यांत १८ टक्के, तर घेतलेल्यांत सुमारे ८ टक्के होतं. आयुष्य वाढलं का? नाही. म्हणून या प्रकारात ते सरसकट देत नाहीत.

स्मॉल-सेल या वेगाने पसरणाऱ्या दुसऱ्या प्रकाराचा हिशेब वेगळा. अनेक चाचण्यांच्या १९९९च्या एकत्रित विश्लेषणात, आधीच्या उपचारांनी गाठ पूर्ण विरघळलेल्यांपैकी तीन वर्षं जगलेले डोक्याच्या रेडिएशनमुळे १५.३वरून २०.७ टक्क्यांवर गेले. हल्ली त्याऐवजी ठरावीक काळाने मेंदूचा एमआरआय करत राहणं हाही पर्याय असतो. डॉक्टरांना तो जरूर विचारा.