तुमच्या साइटवरची चलनं रद्दीत टाकण्याआधी

ठाणे-नवी मुंबईतले बिल्डर, ठेकेदार आणि पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांसाठी माहितीपत्रक

‘डेटा अ‍ॅनालिटिक्स’ म्हटलं की बरेच जण म्हणतात, ‘ते मोठ्या कंपन्यांचं काम. आमच्याकडे कुठला डेटा?’ मग आम्ही साइट ऑफिसातला टेबलाचा खण उघडायला सांगतो. आत आरएमसीची (प्लांटवरून येणाऱ्या तयार काँक्रीटची) चलनं, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, मुकादमाचं हजेरीबुक, क्यूब टेस्टचे (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासल्याचे) रिपोर्ट असतात. सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये शेकडो फोटो असतात ते वेगळेच. डेटा म्हणतात तो हाच. आम्ही तो एका जागी आणतो, तारखांना तारखा जोडतो आणि काम नेमकं कुठे अडतंय ते दाखवतो.

सुरुवात स्लॅबपासून करतो. समजा, 14 स्लॅबची इमारत आहे, दर स्लॅबला 12 दिवस धरलेत आणि काम 1 नोव्हेंबरला सुरू झालं. हिशेबाने एप्रिलच्या मध्यावर शेवटचा स्लॅब पडायला हवा. प्रत्यक्षात 17 दिवस लागत असतील, तर एकूण 70 दिवस वाढतात आणि तोच स्लॅब जूनच्या शेवटी, भर पावसात येतो. बाहेरचं प्लास्टर आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग त्याच्या मागे लटकतं. हे मे महिन्यात कळून उपयोग नसतो. तिसऱ्या स्लॅबला कळलं तर हाताशी वेळ असतो.

पण ‘उशीर होतोय’ हे सांगायला आम्ही कशाला हवेत? ते पाच दिवस गेले कुठे, हा खरा प्रश्न. सेंटरिंगचा (स्लॅबखालच्या तात्पुरत्या साच्याचा) सेट खालच्या मजल्यावर अडकलाय, इलेक्ट्रिशियनचे पाइप टाकायचे राहिलेत, की सळई बांधून तयार आहे पण कन्सल्टंटची तपासणी बाकी आहे? प्रत्येक टप्प्याची तारीख लिहिलेली असेल तर उत्तर वहीतच सापडतं. आरएमसीच्या चलनावर गाडी प्लांटवरून निघाल्याची वेळ असते. साइटवर पोचल्याची वेळ शेजारी लिहून ठेवली, तर घोडबंदर रोडवरच्या तुमच्या साइटला कोणत्या वेळची गाडी परवडते ते महिन्याभरात दिसतं.

स्टीलचा हिशेब आम्हाला विशेष आवडतो. सळईचं मीटरमागे किलोत वजन काढायला एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, हे सूत्र साइटवर सगळ्यांना पाठ असतं. त्या हिशेबाने 12 एमएमच्या 10 टनांत 11,250 मीटर सळई यायला हवी. माल 3 टक्के जड निघाला तर सुमारे 330 मीटर कमी भरते. यात चोरी असेलच असं नाही. सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस 1786 प्रमाणे, या जाडीला 5 टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालतं. पण पैसे वजनावर जातात आणि बांधकामाला लागते लांबी. हा फरक प्रत्येक गाडीमागे टिपला नाही, तर वर्षाअखेरीस खापर सळई बांधणाऱ्या फिटरच्या डोक्यावर फुटतं.

क्यूबचं थोडक्यात: 28 दिवसांच्या रिपोर्टची वाट पाहत बसण्यापेक्षा 7 दिवसांचे आकडे ओळीने मांडले, तर घसरण आधी नजरेत भरते. महारेराला (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाला) दर तिमाहीला द्यायच्या माहितीलाही याच नोंदी उपयोगी पडतात. मात्र आर्किटेक्ट, इंजिनीअर आणि सीए यांच्या दाखल्यांची जबाबदारी त्यांचीच राहते. तिथे आम्ही हात घालत नाही.

एक अट आधीच सांगतो. रोजचा रिपोर्ट शनिवारी बसून आठवणीने भरलेला असेल, तर आमचं कोणतंही सॉफ्टवेअर कामाचं नाही. म्हणून सुपरवायझरला आम्ही रोज फक्त सहा रकाने भरायला देतो, मोबाइलवर, मराठीत. हजेरी, आलेला माल, झालेलं काम, थांबलेलं काम, थांबण्याचं कारण आणि एक फोटो. शिकवायला आम्ही स्वतः साइटवर येतो. ‘थांबण्याचं कारण’ लिहिल्याबद्दल त्याला ओरडा खावा लागणार नाही, एवढं मालकांनी पाहावं. नाहीतर तो रकाना दुसऱ्या आठवड्यापासून कोराच येतो.

पहिल्या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही. येताना गेल्या दोन स्लॅबची चलनं घेऊन या. चुरगळलेली, सिमेंट लागलेली असली तरी चालतील, तारीख वाचता आली म्हणजे झालं.