बेगमी किती दिवसांची? पुराच्या पट्ट्यातल्या घरसाठ्याची पार्श्वभूमी

पावसाळा तोंडावर आला की 'आपत्कालीन संच तयार ठेवा' ही सूचना ठरलेली असते. विजेरी, रेडिओ, प्रथमोपचार पेटी, कागदपत्रांची पिशवी, तीन दिवसांचे कोरडे खाणे. यादीत खोट काही नाही. पण साठा किती दिवसांचा असावा, घरात कुठे ठेवावा आणि कोणाकोणासाठी असावा, हे प्रश्न अशा यादीने सुटत नाहीत. महाराष्ट्रात प्रत्येक आपत्तीने ते पुन्हा विचारले. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या काठावर ते सगळ्यात उघडपणे समोर आले.

साठा करण्याची सवय इथे नवी नाही. कोकणात आगोटीची खरेदी मृगाआधी उरकायची पद्धत होती. तांदूळ, कुळीथ, मीठ, सुकट-बोंबील, आमसुले, शिवाय पडवीत रचलेली सुकी लाकडे. गोव्यातही पावसाळ्याआधी अशीच पुरुमेंताची बेगमी होते. देशावर कणगी आणि पेवे भरली जायची. चार महिने वाट बंद, होडी बंद, बाजार बंद, हे धरूनच हा हिशेब बसवलेला होता. ऋतू सांगून येतो. एका रात्रीत येणाऱ्या संकटाची सोय या बेगमीत नव्हती. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत भरलेले डबे घरासकट गेले. पुढे कित्येक दिवस तुटवडा जाणवला तो पिण्याच्या पाण्याचा. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि वीज थेट मुंबईतही गेली. बहात्तरच्या दुष्काळात तर कणगीच रिकामी होती. लोक सुकडी आणि मिलो ज्वारीवर जगले. संकटातले धान्य सरकारने द्यायचे, ही अपेक्षा तिथून घट्ट झाली. ती रास्तच होती, पण घरचा साठा हा विषय त्यामुळे मागे पडला.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली तेव्हा धान्य घरातच होते, जाड दगडमातीच्या भिंतींखाली गाडलेले. वाचलेल्या माणसांना आपलीच ज्वारी काढता येत नव्हती. त्यानंतरच्या पुनर्वसनातून राज्याला आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा मिळाला, जिल्ह्याजिल्ह्यांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. ती मोठीच गोष्ट होती. मात्र सगळी रचना यंत्रणेभोवती झाली आणि कुटुंबाने स्वतः काय करावे, हे माहितीपत्रकापुरते उरले.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा मंजूर केला. मुंबईच्या त्या पुरामुळे एक गोष्ट मात्र झाकली गेली. त्याच पावसाळ्यात सांगली आणि कोल्हापूरही बुडाले होते. त्या पुराने नदीकाठच्या घरांना एक मोजपट्टी दिली. भिंतीवर 2005 ची रेघ राहिली, ती धरून लोकांनी जोती उंच केली, फळ्या वर नेल्या, नवी घरे बांधताना पहिला मजला त्या हिशेबाने धरला. पुढची चौदा वर्षे सांगलीच्या गावभागात किंवा शिरोळ तालुक्यात पुराचा अंदाज विचारला की उत्तर एकच यायचे, 'दोन हजार पाचला इथवर आलं होतं.'

2019 मध्ये ही रेघच दगा देणारी ठरली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आहे, पाणी 55 फुटांच्या वर गेले. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, तिथे 57 फूट ओलांडले. लोक गाफील नव्हते. पाणी येणार हे कळल्यावर त्यांनी धान्याची पोती टेबलावर, कपाटावर, माळ्यावर चढवली होती, पण चढवली होती जुन्या रेघेच्या वर. टेबलावरचे पोते खालून भिजले की आतले धान्य फुगते, शिवण उसवते आणि दोन-तीन दिवसांत आंबूस वास सुटतो. मग ते जनावरांपुढेही टाकता येत नाही.

ज्यांची घरे कोरडी राहिली त्यांचे हाल वेगळे होते. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि जवळपास आठवडाभर बंद राहिला. कोल्हापूर शहराचे उपसा पंप बुडाले, म्हणून चहूकडे पाणी असताना नळाला पाणी नव्हते. पेट्रोल अत्यावश्यक वाहनांसाठी राखून ठेवावे लागले, दुधाचे संकलन थांबले, भाजी येईना. उपनगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या घरात थेंबभर पाणी शिरले नव्हते, तरी चौथ्या दिवशी तेही पूरग्रस्तच होते.

अशा वेळी मोफत धान्याचा शासन आदेश आला आणि वाद पेटला. प्रत्येक बाधित कुटुंबाला 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ मिळणार होते, पण क्षेत्र दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्यात बुडालेले असेल तरच. लोक छपरांवर बसलेले असताना हे वाक्य मोबाइलवर फिरले आणि संताप उसळला. पूर मोजायला तहसीलदार घड्याळ घेऊन येणार का, असा सवाल झाला. सरकारी बाजूचे उत्तर असे, की आधी ही मुदत सात दिवसांची होती, आता ती दोनवर आणली आहे, म्हणजे अट सैल झाली आहे. कागदावर हे खरे होते. मदतनिधीच्या राष्ट्रीय निकषांत कपडे आणि भांड्यांच्या नुकसानभरपाईसाठी पूर्वी घर आठवड्याहून जास्त पाण्यात असण्याची अट होती. 2015 पासूनच्या निकषांत ती दोन दिवसांवर आली. कपड्यांसाठी 1,800 आणि भांड्यांसाठी 2,000 रुपये, असे ते दर होते.

दोन की सात, यावर बरीच हमरीतुमरी झाली, पण मुळातली गफलत तशीच राहिली. कपडे कुजतात, भांडी वाहून जातात. त्या नुकसानीचा अंदाज घेताना पाणी किती काळ होते हे विचारणे समजण्यासारखे आहे. तेच माप अन्नाला लावणे चूक होते आणि ते स्पष्ट म्हणायला हवे. साठा संपतो तो वाट बंद झाल्यापासून, घरात पाणी शिरल्यापासून नव्हे. एका रात्रीत पाणी येऊन उतरले तरी पीठ गेलेले असते. उंचावरच्या वस्तीत पाणी येतच नाही, पण गावाला चारही बाजूंनी वेढा पडतो आणि दुकानातली शेवटची साखर तिसऱ्या दिवशी संपते. नुकसानीचा नियम भुकेला लावला गेला. पुढे रोख मदत जाहीर झाली, ग्रामीण भागात कुटुंबामागे 10 हजार आणि शहरात 15 हजार. त्यामुळे आदेशावरचा राग शमला. मापाचा प्रश्न मात्र कोणी सोडवला नाही.

त्या 10 किलो गव्हाचीही एक बाजू फारशी बोलली गेली नाही. गहू दळायला गिरणी लागते, गिरणीला वीज लागते. पूर उतरल्यावर कितीतरी गावांत गिरणीची मोटर गाळाने भरली होती आणि खांब आडवे झाले होते. हातात धान्य, घरात सिलिंडर भिजलेला, जाते केव्हाच अंगणात उलटे पडलेले. म्हणून त्या दिवसांत खरा आधार झाला तो शेजारच्या जिल्ह्यांतून आलेल्या भाकरी, चटणी, चिरमुरे, फरसाण आणि बिस्किटांचा. सोलापूरची कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते, हे यादी करणाऱ्यांनी टिपून ठेवण्यासारखे आहे. तांदूळ त्या मानाने सोयीचा, पण त्यालाही स्वच्छ पाणी आणि जाळ हवाच.

जाळाचा प्रश्न 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने पुढे आणला. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत अनेक गावे आठवडे न् आठवडे अंधारात होती. गॅसजोडणी असलेल्या घरांचे रेशनवरचे रॉकेल तोवर बंद झाले होते. ते धोरण म्हणून योग्य असेलही, पण दिवा आणि स्टोव्ह एकदमच गेले आणि मेणबत्तीला भाव आला. वर्षभराने, जुलै 2021 मध्ये, चिपळूण आणि महाड बुडाले तेव्हा मदतीत गहू-तांदळाबरोबर डाळ आणि 5 लिटर रॉकेलही धरले गेले. हा धडा घेतला गेला, याचे श्रेय द्यायलाच हवे. चिपळुणात 21 जुलैच्या रात्रीपासून वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत चढत गेले. वीज गेली, मोबाइल बंद पडले, माणसे पहिल्या मजल्यावर अडकली. पाणी तुलनेने लवकर ओसरले. दोन दिवसांची अट तिथे अक्षरशः लावली असती तर चिखलाने भरलेल्या स्वयंपाकघरांची कित्येक कुटुंबे यादीबाहेर गेली असती. कपडे आणि भांड्यांसाठी राज्याने त्या वर्षी प्रत्येकी 5 हजार दिले. राष्ट्रीय निकषातली रक्कम पुढे प्रत्येकी 2,500 झाली, पण दोन दिवसांचे वाक्य निकषांतून गेले नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या काठी चित्र आणखी वेगळे होते. माढा, मोहोळ, परंडा हा अवर्षणाचा पट्टा. टँकरची वाट पाहण्याची सवय असलेल्या या गावांत साठा जमिनीवरच असतो, कारण पाणी वर चढेल ही कल्पनाच नसते. भिंतीवर कुठलीही रेघ नव्हती. कडबा, सोयाबीन, घरची ज्वारी सगळे एकदम गेले.

कडब्याचा उल्लेख मुद्दाम केला. घरासाठीच्या आपत्कालीन यादीत जनावराचे नाव सहसा नसते. 2019 मध्ये शिरोळ आणि पलूसच्या गावांत बोट दारात आली तरी माणसे निघत नव्हती, ती दावणीला बांधलेल्या म्हशीमुळे. एका दुभत्या म्हशीला दिवसाला सुमारे 20-25 किलो ओली वैरण लागते, शिवाय पेंड. ती छपरावर नेता येत नाही आणि तीन दिवसांच्या पिशवीत मावत नाही. त्या पुरानंतर काठच्या काही घरांनी आपापली रीत बसवली. जुलैच्या मध्याला एक दळण जास्तीचे करून पीठ झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात भरायचे, पिंप वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या पाहुण्यांकडे ठेवायचे आणि पाणी इशारा पातळीला, म्हणजे कोल्हापुरात 39 आणि सांगलीत 40 फुटांना, पोचायच्या आत जनावरे वैरणीसकट हलवायची. जे वरच्या गावात पाहुणे नसलेले किंवा शेतमजूर, त्यांना हे जमत नाही. घरात एका आठवड्याच्या पिठापुरते पैसे नसतात आणि पिंप ठेवायला दुसरा मजला नसतो. सध्याच्या सूचनांत या कुटुंबांसाठी वेगळी ओळ नाही. निवारा केंद्रात वैरणीची सोय करायची की नाही, हे अजूनही त्या त्या तालुक्यातल्या अधिकाऱ्यावर सोपवलेले असते.