संकरित विद्युत् मोटारगाडी

पेट्रोल एंजिन व विद्युत् मोटर या दोहोंच्या बळावर चालणारी गाडी. ‘संकरित’ हा पारिभाषिक शब्द झाला. पुण्यातल्या शोरूमपासून गॅरेजपर्यंत सगळे ‘हायब्रिड’च म्हणतात. बाहेरून चार्ज होणाऱ्या प्लग-इन गाड्या या नोंदीत घेतलेल्या नाहीत.

पहिली संकरित गाडी कोणती याविषयी मतभेद आहेत. हा मान बहुधा अभियंते फेर्डिनांड पोर्श यांच्या ‘सेम्पर व्हिव्हुस’ला (सु. १९००) दिला जातो. मात्र त्या वर्षीच्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेली त्यांचीच दुसरी गाडी लोनर-पोर्श निव्वळ बॅटरीवर चालणारी होती, आणि या दोन गाड्यांची गल्लत वारंवार झालेली दिसते. बेल्जियमचे आन्री पीपर यांची गाडी काही लेखक १८९९ पर्यंत मागे नेतात. त्यांच्या अमेरिकी पेटंटचा अर्ज १९०५ चा, मंजुरी १९०९ ची. पोर्श यांच्या गाडीत एंजिन फक्त जनित्र फिरवी. पीपर यांच्या योजनेत एंजिन व मोटर दोन्ही चाकांना जोर देत. त्यामुळे आजच्या गाड्यांचे मूळ पीपर यांच्याकडे शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. मोठ्या प्रमाणावर उत्पादन टोयोटा प्रिअसपासून (जपान, डिसेंबर १९९७) सुरू झाले.

प्रिअसच्या रचनेचा गाभा म्हणजे ग्रहीय दंतचक्रमाला. मधल्या सूर्यचक्राला (३० दाते) लहान मोटर-जनित्र, ग्रहचक्रांच्या वाहकाला एंजिन आणि बाहेरच्या वलयचक्राला (७८ दाते) मोठी मोटर व चाके जोडलेली असतात. एंजिनाचा सुमारे ७२ टक्के टॉर्क (फिरवणारा जोर) वलयाकडे व २८ टक्के सूर्यचक्राकडे जातो; ही वाटणी दातेच ठरवतात, संगणक नव्हे. वेगांचे नाते असे: ३.६ × एंजिन = सूर्य + २.६ × वलय. एंजिन बंद ठेवून वलय मिनिटाला १,००० फेरे घेत असेल, तर सूर्यचक्र उलट २,६०० फेरे घेते. एंजिन २,००० वर आले की तेच सुलट ४,६०० वर जाते. क्लच नाही, बदलायचे गिअर नाहीत.

एंजिन ‘ॲटकिन्सन चक्रा’चे (संपीडनापेक्षा प्रसरण जास्त असलेले) म्हणतात. जेम्स ॲटकिन्सन यांची दांड्यांची मूळ रचना (१८८२) त्यात नसते. दट्ट्या वर येऊ लागल्यावरही अंतर्ग्रहण झडप काही काळ उघडी राहते, इतकेच. काटेकोरपणे ते मिलर चक्राला (झडपेच्या वेळेनेच हा परिणाम साधणाऱ्या) जवळचे, असे मानणारेही आहेत. अशा एंजिनाला कमी फेऱ्यांवर जोर कमी. ती उणीव मोटर भरून काढते.

ब्रेक दाबताच मोटर जनित्र बनते व बॅटरी भरते, पण बॅटरीत मावणारी ऊर्जा मर्यादित आहे. १,३०० किग्रॅ.ची गाडी सिंहगडावरून ५०० मी. खाली आली, तर सुमारे १.८ किलोवॅट-तास ऊर्जा सुटते. दुसऱ्या पिढीच्या प्रिअसची बॅटरी १.३ किलोवॅट-तासांची, आणि त्यातलाही निम्म्याहून कमी भाग वापरात. घर्षणात जाणारी वजा केली तरी अर्धा घाट उतरेपर्यंत ती भरते. पुढे निवड-दांडा ‘बी’वर (एंजिन-ब्रेकच्या खुणेवर) लावावा : जनित्र इंधनाविना एंजिन फिरवून जादा वीज खपवते व ब्रेक तापत नाहीत.

पुण्यातील वेताळ टेकडीवरील एआरएआय (स्था. १९६६) या वाहन-चाचणी संस्थेच्या नावाने ओळखले जाणारे मायलेज रोलरवरील चाचणीचे असते. त्या चक्रात वेग ताशी ९० किमी.च्या वर जात नाही आणि थांबे पुष्कळ. म्हणून सिग्नलमागून सिग्नल लागणाऱ्या शहरात हायब्रिड आकड्याच्या जवळ राहते, द्रुतगती मार्गावर तिचे मायलेज घसरते.

बिघाड बहुधा किरकोळ जागी होतात. मागच्या सीटजवळची हवेची जाळी धूळ-केसांनी तुंबली, की बॅटरी तापून तिचे आयुष्य घटते. जाळी दर सर्व्हिसला साफ करावी. १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली, की मोठी भरलेली असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही. ब्रेकच्या डिस्क कमी घासल्या जात असल्याने पावसाळ्यात गंजतात. उच्च दाबाच्या नारिंगी तारांना हात लावण्यापूर्वी गाडी बंद करून १२ व्होल्टची जोडणी सोडवावी, विद्युत्‌रोधक हातमोजे घालून सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा) काढावा व तो खिशात ठेवावा, म्हणजे दुसरे कोणी परत बसवणार नाही. मग कपॅसिटर रिते व्हायला १० मिनिटे थांबून मीटरने शून्य व्होल्टची खात्री करावी.