वापरलेली डिझेल मोटरहोम नावावर करताना अर्ज कुठे अडतो

जाहिरातीत सगळं असतं. चौघांची झोपायची सोय, दोन बर्नरची शेगडी, 100 लिटरची पाण्याची टाकी, छतावर सोलर आणि एसी, बाजूला गुंडाळणारं छप्पर, मागे कॅसेट टॉयलेट. फोटो तारकर्लीच्या किंवा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर काढलेले. घेणारा इंजिन ऐकतो, टायर बघतो, टोकन देतो, आणि महिन्याभराने ट्रान्सफरचा अर्ज परत येतो. आरटीओत गाडी तपासणारा माणूस आरसी हातात धरून गाडीभोवती फिरतो आणि आरसीत लिहिलेलं आणि समोर उभं असलेलं जुळतं का, एवढंच बघतो. म्हणून टोकन देण्याआधी आरसीचा फोटो मागवा आणि त्यातल्या चार नोंदी वाचा: गाडीचा वर्ग, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या आणि रिकाम्या गाडीचं वजन.

पात्रतेत फारसं काही नाही. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्राच्या 2004 च्या अधिसूचनेत नॉन-ट्रान्सपोर्ट, म्हणजे धंद्यासाठी नसलेल्या, गाड्यांत धरली आहे, त्यामुळे ती कोणाही व्यक्तीच्या नावावर पांढऱ्या नंबरप्लेटने राहू शकते. एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असेल तर चालवायला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनांचं, लायसन पुरतं.

आता तो कागद, जो बहुतेकांकडे नसतो.

आपल्याकडे विकायला येणाऱ्या पुष्कळशा मोटरहोम म्हणजे मुळात प्रवासी व्हॅन. ट्रॅव्हलर किंवा विंगर घ्यायची, सीटा काढायच्या, प्लायवूडची कपाटं आणि पलंग ठोकायचे. सुतारकाम कितीही सुबक असलं तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली तो 'बदल' ठरतो आणि त्याला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मंजुरी घेऊन बदल केला की 14 दिवसांत कळवून आरसीत नोंद करून घ्यायची असते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. ज्या आरसीवर आजही चौदा आसनं आहेत आणि आत चारच सीटा नि एक ओटा आहे, ती गाडी तपासणीला नेली की तिथेच थांबते.

रीतसर बांधलेल्या मोटरहोमला एआयएस-124 या मानकाप्रमाणे मंजुरी असते. ती पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या अधिकृत चाचणी संस्थेकडून मिळते. सोबत बॉडी बांधणाऱ्याचा फॉर्म 22-ए, म्हणजे गाडी नियमांप्रमाणे बांधल्याचा दाखला, असतो आणि आरसीत बॉडीचा प्रकार मोटर कॅरव्हान किंवा कॅम्पर व्हॅन असा येतो. विकणाऱ्याकडून ही मंजुरी आणि 22-ए मागा. 'वर्कशॉपचं सर्टिफिकेट आहे' असं उत्तर आलं तर सावध व्हा. लेटरहेडवर 'काम उत्तम केले आहे' एवढं लिहिलेला कागद आरटीओत चालत नाही, आणि ज्याच्या डिझाइनला मंजुरीच नाही त्याच्याकडून 22-ए नंतर मिळवणंही जवळपास अशक्य असतं. मग दोनच रस्ते उरतात: विकणाऱ्याने स्वतःच्या नावावर असताना बदल मंजूर करून आरसी दुरुस्त करून द्यायची, नाहीतर मूळ सीटा परत बसवून गाडी व्हॅन म्हणूनच घ्यायची. 'आधी नावावर करून घ्या, बदलाचं नंतर बघू' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. नंतरचं सगळं तुमच्या गळ्यात येतं.

बॉडीच्या प्रकाराइतकीच वजनाची नोंदही महत्त्वाची, आणि ती कोणी वाचत नाही. आरसीवरचं रिकामं वजन पुष्कळदा आतलं काम होण्याआधीचं असतं. समजा गाडीची एकूण मर्यादा 3,500 किलो आणि आरसीवर रिकामं वजन 2,500. पलंग, कपाटं, बॅटऱ्या, एसी, टाक्या मिळून 600 किलो वाढले. राहिले 400. टाकीतलं 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, चार माणसं 280. उरलेल्या 20 किलोत गॅस, कपडे, भांडी कशी बसवणार? अशी गाडी आंबा घाटात उतरताना ब्रेकला काय होतं, ते वेगळं सांगायला नको. टाक्या भरून, चौघांना बसवून जवळच्या वजनकाट्यावर गाडी चढवा आणि पावती घ्या. किंमत ठरवतानाही ती कामाला येते.

तपासणीत आणखी तीन गोष्टी नजरेत भरतात. खिडक्यांवरची काळी फिल्म आधीच काढून टाका. एकूण रुंदी 2.6 मीटरच्या आत हवी, त्यामुळे बाजूचं छप्पर मिटल्यावर किती बाहेर राहतं ते टेपने मोजा. तिसरं, गॅस. सिलिंडर पट्ट्याने पक्का बांधलेला हवा आणि त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. पलंगाखालच्या बंद खणात सिलिंडर ठेवलेला दिसला, तर कागद बाजूला ठेवून आधी तो बाहेर काढायला लावा.

किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांची अडचण निराळी आहे. अर्जाला चासी नंबरची पेन्सिल प्रिंट लागते. खाऱ्या हवेने नंबरावर गंजाचे पापुद्रे धरतात आणि प्रिंटमध्ये 3 आहे की 8 हे कळत नाही. रॉकेलचा बोळा फिरवून तासभर थांबा, मऊ पितळी ब्रशने हलक्या हाताने घासा, कोरडं पुसा, मग पातळ कागद लावून पेन्सिल आडवी चालवा. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका. घासलेला नंबर म्हणजे खाडाखोड असाच अर्थ निघतो आणि प्रकरण पोलिसांकडे जातं. आकडे खरंच खाल्ले गेले असतील तर नंबर पुन्हा ठोकण्याची परवानगी आताच्या मालकानेच, विक्रीआधी, आरटीओतून घ्यावी.

मुदती

इथे हमखास गोंधळ होतो, कारण आकडे सारखेच दिसतात. विकणाऱ्याने फॉर्म 29 भरून विक्री कळवायची ती राज्यातल्या राज्यात असेल तर 14 दिवसांत, परराज्यात असेल तर 45 दिवसांत. घेणाऱ्याला मात्र दोन्ही बाबतींत 30 दिवस आहेत. त्याचा अर्ज फॉर्म 30, त्यावर दोघांच्या सह्या. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीला कळवायचे दिवस पुन्हा 14.

परराज्यातली गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची असेल तर नवा नंबर घ्यावा लागतो, असा वेगळा नियम आहे. तो कानावर पडल्यामुळे 'वर्षभर वेळ आहे' असं पुष्कळजण धरून चालतात. ते 12 महिने नंबर बदलण्यासाठी आहेत. मालकी बदलायला 30 दिवसच. गोवा किंवा कर्नाटकातली गाडी घेत असाल तर मालकी, नवा नंबर आणि इथला कर ही कामं एकत्रच काढा.

त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, लागते, फॉर्म 28 वर, आणि ती विकणाऱ्याने काढायची असते. अर्जानंतर 30 दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी दिली असं समजावं, हे कायद्यातच आहे. तरीही त्या भरवशावर कागद पुढे सरकवायला खिडकीवर कोणी तयार होत नाही, आणि नागरिकाला दोन राज्यांत फेऱ्या माराव्या लागतात. हे चुकीचं आहे. निदान अर्जाची तारीख असलेली पोच जपून ठेवा. दिल्लीकडून स्वस्तात येणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांचं कारण तिथली वयोमर्यादा असतं, तेव्हा एनओसी हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.

विकणाऱ्याच्या बाजूच्या अडचणी

कर्ज फिटलेलं असतं, पण आरसीवरचा बँकेचा बोजा तसाच असतो. बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 घेऊन तो आधी उतरवावा लागतो. पोर्टलवर नोंदलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो आणि ओटीपी त्यावरच जातो, म्हणून व्यवहाराच्या दिवशी विकणाऱ्यासमोरच ओटीपी येतो का ते बघा. मालक वारलेला असेल तर मुलाने परस्पर विकून चालत नाही. फॉर्म 31 ने गाडी आधी वारसाच्या नावावर यायला हवी. गाडी पूर्वी टुरिस्ट परमिटवर असेल तर परमिट जमा केल्याचा कागद आणि कराचा हिशेब हवा. वर्ग बदलला की कराचा फरक निघू शकतो, तो कोण भरणार हे करारात लिहा. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी, नसेल तर तीही आधी लावून घ्या. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याचं फॉर्म 29-बी चं अधिकारपत्र बघा, आणि मूळ मालकाने 29-सी भरून गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद आहे ना, तेही.

गोव्यात परदेशी पाहुणे आपली डिझेल मोटरहोम जाताना विकायला काढतात. कार्नेवर, म्हणजे सीमाशुल्क न भरता गाडी आणण्याच्या परवान्यावर, आलेली गाडी तात्पुरत्या प्रवेशावर असते आणि ती देशाबाहेर परत जायची असते. इथल्या कुठल्याही आरटीओत ती तुमच्या नावावर होणार नाही. किमतीकडे बघून मोह होतो, पण हात लावू नका.

चाकरमान्यांसाठी एक खास गोष्ट. गाडी गावच्या घरी राहणार म्हणून रत्नागिरीचा एमएच 08 किंवा सिंधुदुर्गचा एमएच 07 हाच नंबर हवा असा हट्ट असतो. पण गावचं घर सामायिक, घरपट्टी आजोबांच्या नावाने आणि आधारवर पत्ता डोंबिवलीचा. त्या घरपट्टीने तुमचा रहिवास सिद्ध होत नाही आणि अर्ज परत येतो. गाडी मुंबई-ठाण्याच्या पत्त्यावर नावावर करा. राज्यात कुठलाही एमएच नंबर कोकणात बिनदिक्कत चालतो.

बाकी कागद नेहमीचे: मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचं आधार, पॅन, फोटो. ई-चलनं थकलेली नाहीत ना ते नंबर टाकून बघा. विमा नावावर करताना आतलं सामान, म्हणजे एसी, बॅटऱ्या, सोलर, फ्रिज, किमतीसह पॉलिसीत लिहून घ्या, कारण न लिहिलेल्या वस्तूंचे पैसे मिळत नाहीत. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही, तेव्हा हप्त्यात फरक भरावा लागेल. आणि गाडी ताब्यात घेताना एका कागदावर तारीख, वेळ, किलोमीटर आणि आतल्या सामानाची यादी लिहून दोघांनी सह्या करा. त्या वेळेआधीचं चलन आलं तर तो कागद दाखवता येतो.