पार्सलचा खोटा मेसेज

टपाल खात्याचं किंवा कुरियर कंपनीचं नाव लावून मोबाइलवर पाठवलेला फसवा मेसेज. तुमचं पार्सल अडकलंय असं सांगून लिंक उघडायला लावायची आणि तिथे कार्डाची माहिती, ओटीपी नाहीतर थेट पैसे काढून घ्यायचे, असा हा प्रकार. तो जगभर चालतो. भारतात इंडिया पोस्टच्या नावाने तो २०२४ मध्ये इतका पसरला की सरकारच्या नावाने फिरणारे खोटे मेसेज तपासणाऱ्या पीआयबी फॅक्ट चेक या सरकारी विभागाला हा मेसेज खोटा आहे असं जाहीर करावं लागलं.

मजकूर साधारण ठरलेला असतो: पार्सल वेअरहाउसमध्ये आलंय, दोनदा डिलिव्हरीचा प्रयत्न केला पण पत्ता अपुरा असल्यामुळे जमलं नाही, ४८ तासांत पत्ता अपडेट करा नाहीतर पार्सल परत जाईल. खाली लिंक. ती उघडली की लोगोसकट अगदी खरं वाटणारं पान येतं, नाव-पत्ता भरून घेतात आणि मग पुढच्या पानावर पुन्हा डिलिव्हरी करायचे म्हणून वीस-पंचवीस रुपये मागतात. एवढ्याशा पैशासाठी कोण विचार करणार, कार्ड नंबर, सीव्हीव्ही म्हणजे कार्डामागचे तीन आकडे, सगळं भरलं जातं, पण त्यांना ते पंचवीस रुपये नकोच असतात, त्यांना कार्ड हवं असतं. मग बँकेचा ओटीपी येतो आणि तोही तिथेच टाकला की खात्यातून मोठी रक्कम जाते. त्या ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम किती आणि कोणाला जातेय हे बँकेने बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, पण आपण घाईत फक्त सहा आकडे बघतो.

गोव्यात हा मेसेज लोकांना पटतो त्याचं कारण इथले पत्ते. गावात घर नंबर, वाडो (वाडी), जवळचं देऊळ नाहीतर चॅपल एवढाच पत्ता, आणि म्हापशाचा ४०३५०७ घ्या, शहराबरोबर आजूबाजूची गावंही त्यातच येतात. त्यामुळे कुरियरवाल्याचा फोन येणं हे रोजचंच, "मारुतीच्या देवळाकडे उभा आहे, आता डावीकडे वळू का?" म्हणून. पत्ता अपुरा आहे हे वाक्य इथल्या माणसाला खोटं वाटतच नाही. शिवाय कितीतरी घरांतलं कोणीतरी आखातात, इंग्लंडात, पोर्तुगालात किंवा बोटीवर आहे, चवथीला (गणेशचतुर्थीला) आणि नाताळाला सामान येतं, आणि घरी आईवडील दोघेच त्याची वाट बघत असतात. अशा वेळी कस्टम ड्युटी भरा म्हणून आलेल्या लिंकवर ते पैसे भरतात, यात त्यांचा बावळटपणा नाही, मुलाने पाठवलेली वस्तू परत जाऊ नये एवढंच त्यांच्या मनात असतं. म्हणून फसलेल्याला घरात बोल लावू नये, कारण लाजेने माणूस गप्प बसतो आणि तक्रारीला उशीर होतो.

ओळखायची पहिली खूण म्हणजे खऱ्या डिलिव्हरीवाल्याला वाट हवी असते, तो फोन करतो, आणि पत्ता समजून घ्यायला कोणी कार्ड मागत नाही. परदेशातून टपालाने आलेल्या पार्सलवर ड्युटी लागली तर ती पोस्ट डिलिव्हरीच्या वेळी घेतं, अनोळखी लिंकवरून नाही.

दुसरं म्हणजे पाठवणारा कोण ते बघा. भारतात कंपन्यांचे एसएमएस नोंदणी केलेल्या अक्षरी नावाने येतात आणि २०२५ पासून त्यामागे पी, एस, टी किंवा जी हे अक्षर लागतं, सरकारी मेसेजला जी. दहा आकडी साधा नंबर, प्लस ६३ सारखा परदेशी कोड किंवा ईमेल आयडी दिसला तर मेसेज खोटाच समजायचा. ऑक्टोबर २०२४ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाने, कंपन्यांनी आधी नोंदवलेल्या यादीत नसलेल्या लिंकचे एसएमएस अडवले जातात, म्हणून आयमेसेज आणि व्हॉट्सअ‍ॅपवरूनही हे लोक येतात. आयफोनवर अनोळखी माणसाची लिंक दाबता येत नाही, म्हणून "आधी वाय लिहून रिप्लाय करा" असं सांगतात. रिप्लाय केला की लिंक चालू होते.

लिंक वाचताना सुरुवातीचं https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधी काय आहे ते बघायचं. इंडिया पोस्टचा पत्ता जीओव्ही डॉट इन ने संपतो. सुरुवातीला इंडियापोस्ट लिहिलंय पण शेवटी डॉट टॉप वगैरे, तर तो खोटा. स्पीड पोस्टचा नंबर १३ अक्षरांचा असतो, दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे, शेवटी आयएन. तो नंबर स्वतः साइट उघडून टाकायचा किंवा जवळच्या पोस्टात जाऊन विचारायचं, गावातला पोस्टमन तर ओळखीचाच असतो.

याची भावंडंही आहेत. डिलिव्हरी कन्फर्म करायला स्टार २१ किंवा स्टार ४०१ लावून एक नंबर डायल करा असं सांगतात, तसं केलं की तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात आणि बँकेचा फोनवरचा ओटीपी त्यांनाच मिळतो. चुकून केलंच तर ##००२# डायल करून फॉरवर्डिंग बंद होतं. दुसरा प्रकार जास्त भीतीदायक: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलंय म्हणून पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतो. याला ते डिजिटल अरेस्ट म्हणतात, पण असं काही कायद्यात नाही, कॉल कट करायचा.

पैसे गेलेच तर पहिल्या तासाला फार किंमत आहे. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, त्याचबरोबर बँकेला सांगून कार्ड ब्लॉक, मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. गोव्याचं सायबर क्राइम पोलीस स्टेशन रायबंदरला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेवर असतं, म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार नंबर लिहून ठेवा. मेसेज, लिंक, नंबर यांचे स्क्रीनशॉट काढायच्या आधी काही पुसू नका. पैसे गेले नसतील तरी दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरच्या चक्षू सुविधेत असा मेसेज कळवता येतो, फक्त तो गेल्या ३० दिवसांतला हवा.